खाऱ्या पाण्यातले शंभर दाणे

पुतणीने दुसऱ्या डब्याचं झाकण काढलं, तेव्हा स्वयंपाकघरात आक्काखेरीज कोणीच बसलेलं नव्हतं. तिचा थोरला भाऊ टेबलावर दोन्ही तळहात रोवून उभा होता. धाकटा भाऊ दाराच्या चौकटीला खांदा टेकून. वहिनी, थोरल्याची बायको, ओट्यापाशी एक भांडं पुसत होती, मघापासून तेच. आक्का तेवढी बसली होती, कारण उभं राहून वाट बघणं तिच्या गुडघ्यांना झेपत नसे.

पहिल्या डब्याचं मोजून झालं होतं. ओल्या कागदाच्या दोन घड्यांमध्ये भाताचे शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळींत, वर विहिरीचं गोडं पाणी. आठव्या दिवशी त्यातल्या बावन्न दाण्यांना पांढरं मूळ आणि हिरवा कोंब, दोन्ही नीट आले होते. "बावन्न," असं पुतणी म्हणाली तसा थोरल्याने आठ दिवस कोंडलेला श्वास सोडला.

"अर्ध्याच्या वर आहेत. बी दाट पेरू. काय?"

"काका, थांबा. हा डबा नुसता ताडून बघण्यासाठी होता. खरी परीक्षा या दुसऱ्याची."

दुसऱ्या डब्यात शेतातलं पाणी होतं. दोन वर्षांपूर्वी समुद्राचा बांध फुटला आणि भरतीचं पाणी तीन दिवस जमिनीवर उभं राहिलं. ते ओसरलं, पण मीठ ओसरलं नाही. घरचं बी थोडंच, म्हणून त्यानंतर थोरल्याने दोनदा दुकानातलं बी आणून पेरलं. पहिल्यांदा ते मातीतच कुजलं. दुसऱ्यांदा रोपं दोन बोटं वर आली, त्यांचे शेंडे कोणी मेणबत्तीवर धरावेत तसे करपले आणि महिन्याच्या आत वाफे पुन्हा उघडेबोडके झाले. तेव्हापासून धाकटा कोळंबीची तळी खणणाऱ्या माणसाचे कागद घेऊन येऊ लागला. शहरात त्याचा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना. त्या तळीवाल्याची इंजिनंही तिथेच यायची. जमीन तिघा भावंडांच्या नावावर, म्हणून सह्या तीन हव्या होत्या. शनिवारपर्यंत. आणि आज गुरुवार.

एकदा तळी खणली की ती जमीन पुन्हा जमीन होत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर थोरला इरेला पेटला होता. "दुकानातलं बी मेलं म्हणून घरचं मरेल का? घरच्या बियाने तीन वेळा समुद्र पाहिलाय. ते उगवलं तर पेरायचं. नाही उगवलं तर मी स्वतः पहिली सही करतो." धाकट्याने ते मान्य केलं. दाणे मोजायचं काम त्याच्याच मुलीकडे आलं, कारण ती बीज तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, आणि दोन्ही भावांचा विश्वास बसेल असं दुसरं माणूस घरात उरलं नव्हतं.

पुतणीने वरचा कागद उचलला. बराच वेळ ती चिमट्याने एकेक दाणा उलटत राहिली.

"हे बघ, हा आलाय," थोरला वाकून म्हणाला. "हा पण. हा पण! अगं, वीस-पंचवीस तरी आहेत."

"मोड तेवीसांना आलेत, काका. पण मोड येणं म्हणजे रोप होणं नव्हे." तिने एक दाणा चिमट्यात धरून उजेडात नेला. "कोंब वर आलाय, खाली मूळच नाही. तपकिरी ठिपका पडून थांबलंय. मातीत हे दोन दिवस टिकणार नाही. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेले..." तिने पुन्हा मोजले. "चार."

"चार काय?"

"शंभरांत चार."

वहिनीच्या हातातलं भांडं ओट्यावर टेकलं.

"अजून दोन दिवस थांबू," थोरला म्हणाला. "खाऱ्यात उशीर लागतोच. आई म्हणायची, खाऱ्यातलं बी आळशी."

"उशीर लागतो, खरंय. पण हे बघा, बाकीचे दाबले की बोटाला पीठ लागतंय. त्यांच्यात थांबण्यासारखं काही राहिलेलं नाही." पुतणीचा आवाज खाली आला. ती बापाच्या घरातली असली तरी या प्रकरणात काकाच्या बाजूची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "आत्या, हे बी कुठल्या सालचं?"

आक्काने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बांध फुटायच्या आधीच्या हंगामाचं. दुसरं कुठलं असणार?"

"दोन वर्षांचं बी असं वागत नाही."

"म्हणजे?"

"दोनच वर्षांचं असतं तर गोड्या पाण्यात नव्वदच्या आसपास गेलं असतं. आणि घरचं हे बी खाऱ्याला सरावलेलं, म्हणजे दुसऱ्या डब्यातही सत्तर-ऐंशी यायला हवे होते. म्हातारं बी गोड्या पाण्यात कसंबसं उठून बसतं. अडचण आली की मात्र त्याचं वय दिसतं. एकीकडे म्हातारपण, एकीकडे मीठ. दोन्ही एकदम नाही सोसत त्याला."

आक्काला वाटलं, ही पोरगी बियाबद्दल बोलतेय की आपल्याबद्दल. सपाट जमिनीवर आपणही चार पावलं बरी टाकतो. जिना आला की कळतं.

या घरात बी सांभाळायचं काम बाईमाणसाचं, आणि बाईमाणसांतही मुलीचं. सून कितीही वर्षांची झाली तरी तिचा बियाच्या पत्र्याच्या डब्याला हात लागायचा नाही. का, ते कोणी विचारलं नव्हतं. आक्का लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन परत आली, ती त्या डब्याची झाली. आईने तिला सगळं शिकवलं. लोंबी कधी कापायची, दाणा दाताखाली कट्कन वाजेपर्यंत कसा वाळवायचा, डब्याच्या तळाशी कोळसा किती, झाकणाच्या फटीला मेण कसं लावायचं. आणि सर्वांत मोठा नियम: एक वर्षाआड सगळं बी बांधाजवळच्या पाणथळ तुकड्यात पेरून नवं करायचं. चांगल्या जमिनीत नाही, त्या खारट तुकड्यातच. "खाऱ्यातच वाढव गं," आई म्हणायची, "नाहीतर विसरेल ते." आक्का नऊ वर्षांची असताना समुद्र आत आला होता. साऱ्या शिवारात एकही काडी उभी राहिली नाही, आणि यांच्या शेतात मात्र लांब तांबूस कुसळांच्या लोंब्या वाऱ्यावर डुलत होत्या. लोक बघायला यायचे. आई कमरेवर हात ठेवून बांधावर उभी राहायची, आणि आक्का तिच्या शेजारी, तशीच कमरेवर हात ठेवून.

"माझ्यामुळे झालं," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"पावसाळ्यात डबा माझ्या हातून उघडा राहिला. कोठीची साफसफाई करताना झाकण निघालं. पुन्हा लावायचं राहूनच गेलं. महिनाभर तरी."

पुतणीने कपाळाला आठी घातली. "महिनाभर दमट हवा लागली तर बी म्हातारं होतं खरं, काकू. पण इतकं?"

"झालं असेल."

"झालं असेल?" थोरल्याचा तळहात टेबलावर आपटला आणि दोन्ही डब्यांतलं पाणी हिंदकळलं. "झालं असेल म्हणे! अगं, कशाला हात लावतेस, काय करतेस, भान आहे का? आईने आयुष्य घालवलं त्यात, आक्काने घालवलं, आणि तू झाकण लावायला विसरलीस? जमीन गेली, समजतंय का तुला? तुझ्या एका झाकणापायी जमीन गेली!"

"दादा, पुरे," धाकटा म्हणाला. "ओरडून दाणे उगवणारेत का?"

"तू बोलू नकोस. तुला काय, तुझं काम झालं. जा, सांग जा तुझ्या त्या तळीवाल्याला."

"मला आनंद झालाय असं दिसतंय का माझ्या तोंडावर?"

"तुझ्या तोंडाकडे बघायला मला वेळ नाही."

वहिनीने ओलं फडकं उचललं, घडी केली आणि मागच्या दाराने धुण्याच्या दगडाकडे निघून गेली.

आक्का बसून राहिली. पाण्यात भिजलेल्या त्या शंभर दाण्यांकडे तिला बघवेना. थोरला अजून बडबडत होता, झाकण, महिनाभर, बेजबाबदारपणा. तिला एकाएकी जाणवलं की याच्या डोक्यात साधा प्रश्नही आलेला नाही. लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत जिला या डब्याजवळ उभं राहू दिलं नाही, तिने तो उघडला कसा? कोठीची किल्ली तर आक्काच्या कमरेला. डब्याचा मान तिला कधी मिळाला नाही, दोष मात्र पहिल्याच क्षणी चिकटला, जणू तिच्यासाठीच राखून ठेवलेला.

भिंतीला धरून आक्का उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

वहिनी दगडावर तेच फडकं घासत होती.

"वहिनी, खोटं का बोललात?"

"तुम्ही बोललात म्हणून." तिने वर पाहिलं नाही. "एकाच घरात दोघी खोटं बोलल्या की निदान एकमेकीला धरून उभ्या तरी राहतात."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं. आई गेल्या त्याच्या पुढच्या हंगामात. तुम्ही बांधाजवळचा तुकडा पेरलात, वर आला, लोंब्या धरल्या. तुम्ही सांगितलंत, बी नवं केलं. मी जेवण घेऊन आले होते शेतावर. घरच्या भाताला बोटभर लांब कुसळं असतात, आणि त्या लोंब्या गुळगुळीत. मी काय डोळे घरी ठेवून आले होते?"

आक्का दगडाच्या कडेला टेकली. सहा वर्षं ज्या गोष्टीचा तिने स्वतःशीसुद्धा उच्चार केला नव्हता, ती या बाईने फडक्यासारखी पिळून समोर ठेवली होती.

"दुकानातलं बी पेरत होते मी," ती म्हणाली. "लोकांना हिरवं दिसावं म्हणून. बांध फुटायच्या आधी त्या तुकड्यात तेही कसंबसं तगायचं."

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणापाशी बोलू? तुमच्या भावापाशी? ते म्हणाले असते, तुला बियातलं काय कळतं. तुमच्यापाशी बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, डब्याचं तुम्ही बघू नका, वहिनी. म्हणाला असता की नाही?"

"म्हणाले असते."

"मग."

वहिनीने फडकं उलटं केलं आणि पुन्हा घासायला घेतलं.

"तुमच्या मनात काय होतं तेही ओळखलं मी," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता तितका टोकदार नव्हता. "म्हणून तर आज मध्ये पडले. पण आक्का, माणूस गेल्यावर वस्तू ठेवावी. साडी ठेवा, चष्मा ठेवा. बी नाही ठेवता येत."

आक्काने मान हलवली. तिला तो शेवटचा हंगाम दिसत होता. आईला उभंही राहवत नव्हतं. भाजीचं लाकडी खोकं उलटं टाकून ती बांधावर बसली, आणि आक्काने कापून आणलेल्या पेंढ्यांतून एकेक लोंबी निवडत गेली. किडकी ही बाजूला, हलकी ती बाजूला. हात थरथरायचा, लोंबी खाली पडायची, पुन्हा उचलायची. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तिने अंथरूण धरलं, ते सोडलं नाही. पुढे पेरायची वेळ आली तेव्हा आक्काने डबा उघडला, दाण्यांत मनगटापर्यंत हात घातला, आणि तिच्याने ते चिखलात फेकवेना. एकेक दाणा त्या हाताखालून गेलेला. एक वर्ष राहू दे, ती म्हणाली. मग आणखी एक. दर वर्षी ती चोरून शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून बघायची, आई करायची तसंच, विहिरीच्या पाण्यात. पहिल्या वर्षी शहाण्णव. मग नव्वद. मग ब्याऐंशी. आकडा उतरत होता, पण मोड तर येत होते. गोड्या पाण्याने तिला सहा वर्षं धीर दिला. फडकं खाऱ्या पाण्यात भिजवून बघावं, हे तिला एकदाही सुचलं नाही. की सुचलं होतं, आणि तिने टाळलं, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"चला आत," ती म्हणाली.

"कशाला? झालं ते झालं. त्यांचं ओरडणं मला काही नवीन नाही."

"मला आहे."

आत थोरला शेवटी खुर्चीत बसला होता. धाकट्याने कागद टेबलावर आणून ठेवले होते, पण उघडले नव्हते. पुतणी डब्याच्या झाकणावर आकडे लिहीत होती.

"डबा वहिनींनी उघडा टाकलेला नाही," आक्का दारातूनच म्हणाली. "किल्ली माझ्याकडे असते. बी सहा वर्षांचं आहे. मी ते कधी नवं केलंच नाही."

थोरल्याने आधी ऐकलं नसावं असं वाटलं. मग तो हळूच म्हणाला, "काहीतरी काय बोलतेस? दर वर्षाआड तुकडा पेरतेस. मी नांगरून देतो ना तुला."

"त्यात दुकानातलं बी असायचं."

"आणि डब्यात?"

"आईच्या हातचं. शेवटचं."

धाकट्याने चौकट सोडली, आत आला आणि पहिल्या डब्यातल्या एका दाण्याला बोट लावलं, उगाच, तापल्या इंजिनाला लावावं तसं जपून.

"तेव्हा आईने बोलावलं होतं मला," तो म्हणाला. "लोंब्या निवडायला ये, दोन दिवस ये, म्हणाली. माझ्याकडे एक इंजिन खोललेलं होतं. म्हटलं, पुढच्या वर्षी येतो." त्याने बोट पँटला पुसलं. "इंजिन कोणाचं होतं तेसुद्धा आठवत नाही आता."

थोरला आक्काकडे बघत होता. त्याचा राग बाहेर येईल म्हणून ती वाट बघत राहिली. मघाशी वहिनीवर आला तसा यावा, असं तिला मनापासून वाटलं. पण नाही आला. तिच्यावर तो येतच नसे, आणि आज तिला तेच लागलं.

"आक्का, एकदा तरी सांगायचंस मला. मी पेरलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बऱ्याच वेळाने हात काढले, तेव्हा तो बायकोकडे वळला. तिला काहीतरी म्हणायचं होतं त्याला. ओठ हलले, पण अडतीस वर्षांत ती वाट कधी वापरलेली नव्हती, शब्द सापडला नाही. शेवटी तो म्हणाला, "तू बस ना. उभी का?"

"बसते," वहिनी म्हणाली, आणि उभीच राहिली.

"काका," पुतणी म्हणाली, "हे बी अजून पूर्ण गेलेलं नाही. बावन्न टक्के आहे. खोक्यांत गोडी माती भरून, गोडं पाणी घालून आत्ता पेरलं, तर त्यातून नवं बी काढता येईल. ते नवं बी मग थोड्या खाऱ्यात, मग अजून थोड्या. दोन-तीन हंगाम लागतील. पुढच्या वर्षी मात्र हेही जमणार नाही. वय झालं की ते भराभरा उतरतं."

"दोन-तीन हंगाम," धाकटा म्हणाला. "तो माणूस शनिवारच्या पुढे थांबत नाहीये. दुसऱ्या गावात जागा बघून ठेवलीय त्याने. आणि दादा, तू दोन वर्षं काही पिकवलेलं नाहीस. अजून तीन वर्षं काय खाणार आहात तुम्ही?"

हे खरं होतं आणि तो ते खवचटपणे म्हणाला नव्हता.

थोरल्याने कागद ओढून घेतले. "उगवलं नाही तर पहिली सही माझी, असं बोललो होतो," तो म्हणाला. पुतणीकडून तिचं पेन मागून घेतलं, त्याच पेनाने त्याने सही केली. धाकट्याने त्याच्याखाली केली. मग कागद आक्कापुढे आला. तिसरी ओळ रिकामी होती. आपण नाही म्हटलं तर हे इथेच थांबेल, हे तिला कळत होतं. पण नाही म्हणायचा हक्क कुठल्या तोंडाने सांगायचा? थोरल्याने तो शब्द तिच्या बियाच्या भरवशावर दिला होता. तिने सही केली. आईने गिरवून घेतलेलं तेच वळण, शेवटच्या अक्षराला शेपूट.

धाकट्याने कागदांची घडी केली आणि कोणाचा निरोप न घेता बाहेर जाऊन गाडीत बसला. थोरला त्याच्या मागोमाग अंगणापर्यंत गेला आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

आक्काने कमरेची किल्ली काढली. कोठी उघडून तिने तो पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि वहिनीपुढे धरला.

"आता देता होय?" वहिनी म्हणाली. "जमीन गेल्यावर?"

"हो."

वहिनी हसली नाही, रडलीही नाही. डबा घेतला, टेबलावर ठेवला, मेण नखाने खरवडून झाकण काढलं आणि सगळं बी एका परातीत ओतलं. सगळंच्या सगळं, तळाच्या कोळशासकट. आक्काचा हात नकळत पुढे झाला, आणि तिने तो मागे घेतला.

"रोपं आलीच, तर लावणार कुठे, काकू?" पुतणीने विचारलं. बाहेर गाडी सुरू झाली होती, तरी ती बापाबरोबर निघाली नव्हती.

"मला काय माहीत," वहिनी म्हणाली. तिने परातीवर फुंकर मारली, पोचट दाणे आणि कोळशाची पूड टेबलभर उडाली. "खोकी आण तू. मागच्या पडवीत असतील. आणि आक्का, तुम्ही पाणी घेऊन या. विहिरीचं."

या घरात आक्काला कोणी काम सांगत नसे. सांगायची ती. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने कोपऱ्यातली बादली उचलली, आणि पायऱ्या उतरायला भिंतीचा आधार घेतला. विहिरीपर्यंत जायला तिला वेळ लागणार होता. अंगणात उभा असलेला भाऊ बादली घ्यायला पुढे आला, तेव्हा तिने मान हलवून त्याला नको म्हटलं.